दागिने सांभाळा म्हणता, तसं हेही माईकवरून सांगा : पुण्यातल्या गणेश मंडळांना खुलं पत्र

पुण्यातल्या सार्वजनिक गणेश मंडळांच्या अध्यक्षांना, उत्सवप्रमुखांना आणि दोर धरून रात्रभर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला,

स. न. वि. वि.

मी नारायण पेठेत वाढले. ढोल-ताशा पथकात 11 वर्षं ताशा वाजवला, आता नव्या मुलामुलींना शिकवते. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. काहींच्या मंडपात मी आरतीला उभी राहिले आहे, काहींच्या घरी जेवले आहे. म्हणून हे पत्र पोलीस आयुक्तांना किंवा महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर कुणी थांबायचं, कुणी पुढे सरकायचं, कुणाला आत घ्यायचं, हे तुम्ही ठरवता. पोलीसही अडलं की तुमच्याकडेच येतात.

कोविडच्या साथीच्या आधीची गोष्ट सांगते. विसर्जनाची संध्याकाळ, नऊ वाजून गेले असतील. आमच्या पथकात तेव्हा 19 वर्षांची एक मुलगी होती. तिचं पहिलंच वर्ष. जूनपासून नदीपात्रात एकही सराव तिने चुकवला नव्हता, हाताला फोड आले तरी पट्टी बांधून यायची. ज्यांनी कधी ढोल बांधला नाही त्यांना सांगते, ढोल कमरेला बांधला की माणूस जागेला खिळतो. वाकता येत नाही, झटकन वळता येत नाही. एका हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, दुसरा हात ढोलाच्या पानावर. मागून कुणी काही केलं तर स्वतःला सोडवायला हातच मोकळा नसतो. शिवाय आपला ठोका चुकला तर अख्खी रांग चुकेल, ही धास्ती नव्या वादकाच्या मनात असतेच. ती वाजवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्हाला वाटलं, गुलाल गेला.

तिसऱ्या वेळी तिने टिपरू खाली टाकलं आणि ओरडली.

तो हात गर्दीतून आला नव्हता. दोराच्या आतून आला होता. छातीवर मंडळाचा बिल्ला, गळ्यात उपरणं, आमच्या रक्षणासाठी दोर धरून चालणारा माणूस.

मी ताशा थांबवला. ताशा थांबला की ढोल थांबतात, झांजा थांबतात, ध्वज खाली येतात. भर मिरवणुकीत चाळीस ढोल एकदम गप्प झाले तर काय वाटतं, हे मी त्या दिवशी ऐकलं. इतका वेळ नाचणारे लोक माना वळवून बघायला लागले. तेवढ्यात तुमच्यातलेच एक अध्यक्ष पुढे आले. मंडळाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण हे वाक्य मी पुढे आणखी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे : ‘ताई, आज नको. बाप्पा रथात बसलाय. मागे मंडळं खोळंबली आहेत. पोरगा आपलाच आहे, गर्दीत लागला असेल हात. मिरवणूक होऊ दे, उद्या बसून मिटवू.’

हा माणूस वाईट नव्हता. वस्तीत पाणी शिरलं तेव्हा लोकांना खांद्यावरून बाहेर काढताना मी त्याला पाहिलं आहे. म्हणूनच त्याचं ते ‘आज नको’ मला आजही टोचतं.

आम्ही हललो नाही. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मदत केंद्रातून दोन महिला पोलीस आल्या, त्या माणसाला घेऊन गेल्या आणि मगच मी ताशाला काडी लावली. इथपर्यंतची गोष्ट मी पथकात नव्या मुलींना सांगते, तेव्हा त्या टाळ्या वाजवतात. पुढची गोष्ट सांगते तेव्हा वाजवत नाहीत. मुलीची आई मध्यरात्री धावत आली आणि हात जोडून म्हणाली, पोरीचं नाव चौकीत नको. तक्रार झाली नाही. पुढच्या जुलैत ती सरावाला आली नाही. मी दोनदा घरी जाऊन आले. दारातूनच परत यावं लागलं. तिचा ढोल आम्ही दुसऱ्या कुणाला तरी बांधला.

त्या रात्री मला तुमचा माईक सारखा ऐकू येत होता. ‘लाल फ्रॉक घातलेली, चार वर्षांची मुलगी सापडली आहे, पालकांनी स्टेजजवळ यावे.’ ‘भाविकांनी आपलं पाकीट आणि मोबाईल सांभाळावा.’ ‘महिलांनी आपल्या दागिन्यांची काळजी घ्यावी.’ दर पाच मिनिटांनी हे चालू होतं. हरवलेल्या चपलेची घोषणासुद्धा मी मंडपातून ऐकली आहे. मात्र एवढ्या वर्षांत एकदाही, एकाही मंडळाच्या माईकवरून, ‘इथे एका मुलीला त्रास झाला आहे’ हे वाक्य मी ऐकलेलं नाही. बाईच्या गळ्यातल्या सोन्याची काळजी उत्सवाने केली. तिच्या अंगाची काळजी तिची तिने करायची. पर्स छातीशी धरायची, कोपरं बाहेर काढून चालायचं, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन हाताशी ठेवायची. माझ्या आजीने हेच केलं, आईने केलं, मीही केलं. माझी मुलगी आता 14 वर्षांची आहे आणि या वर्षी तिला पथकात यायचं आहे.

मी मागते आहे ती गोष्ट साधी आहे. ज्या आवाजात तुम्ही हरवलेल्या मुलाची घोषणा करता, त्याच आवाजात हेही सांगा. मुलीचं नाव घ्यायचं नाही, तिचे कपडे, तिची खूण सांगायची नाही. एवढंच म्हणा : ‘चौकात उजव्या हाताला एका मुलीला त्रास दिला गेला आहे. आजूबाजूच्यांनी तिला जागा करून द्या. आमचे कार्यकर्ते तिकडे येत आहेत. पोलीस मदत केंद्र अमुक ठिकाणी आहे.’ बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही. ज्याने ते केलं त्याला गर्दीत लपायला मिळतं, कारण शेजारच्यालाही काही कळलेलं नसतं. माईकवरून सांगितलं की शेजारच्या शंभर माणसांना कळतं. आणि त्या मुलीला कळतं की तिने जे सांगितलं ते कुणी तरी ऐकलं.

काही जण म्हणतील की त्याने बदनामी होईल, लोक घाबरतील, बायका यायच्या बंद होतील. पाकीटमारांबद्दल तुम्ही वर्षानुवर्षं सांगत आला आहात. त्याने एकही मंडळ बदनाम झालं नाही, गर्दीही कमी झाली नाही. उलट तिथे बंदोबस्त आहे असंच लोकांना वाटलं.

दुसरं उत्तर मला नेहमी मिळतं ते म्हणजे ‘ही पोरं आपल्या भागातली नसतात, बाहेरून येतात.’ बाहेरून म्हणजे कुठून, हे ऐकणाऱ्याने आपापल्या मनाने भरायचं. त्या संध्याकाळचा तो माणूस मंडपापासून तीन गल्ल्या सोडून राहत होता. वर्गणीच्या पावत्या फाडायला तोच आमच्या वाड्यात यायचा.

शब्दांबद्दलही थोडं बोलायचं आहे. आपण ‘छेडछाड’ म्हणतो. छेडतात ती तार, छेडतात तो सूर. ‘टिंगलटवाळी’ म्हणतो, बातमीत ‘रोडरोमिओ’ छापतो, म्हणजे त्यात कुठे तरी प्रेम असावं. कायद्याच्या मराठीत ‘विनयभंग’ म्हणतात. करतो तो, आणि भंग मात्र तिच्या विनयाचा होतो. मला यातला एकही शब्द पटत नाही. घरात, पथकात, तुमच्या बैठकीत आपण सरळ बोलू या : त्याने तिच्या अंगाला तिच्या इच्छेविरुद्ध हात लावला. त्याने तिला घाणेरडं बोललं. तो तिच्या मागे मागे घरापर्यंत गेला. असं सांगितलं की ‘लागला असेल हात’ म्हणायला जागा राहत नाही.

आता ‘उद्या बसून मिटवू’ याबद्दल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 74 मध्ये, कायद्याच्या शब्दांत सांगायचं तर विनयभंगाच्या हेतूने, बाईच्या अंगाला हात घालणाऱ्याला कमीत कमी 1 वर्ष आणि जास्तीत जास्त 5 वर्षं कैद सांगितली आहे. आधीच्या दंड संहितेत हेच कलम 354 होतं, आणि दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालामागोमाग 2013 मध्ये ती शिक्षा वाढवण्यात आली. पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा तेव्हाच कायद्यात आला, आता तो कलम 78 आहे. अश्लील शेरा मारणंही गुन्हाच आहे, कलम 75 आणि 79 पाहा. 74 चा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. म्हणजे मंडळाच्या कार्यालयात चहा पाजून, पोराला पाया पडायला लावून जो निवाडा होतो, त्याला कायद्यात काही अर्थ नाही. तो निवाडा फक्त मुलीला गप्प करतो. हद्दीचा प्रश्नही उरलेला नाही. मिरवणूक एका ठाण्याच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाते, पण तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. अशा गुन्ह्यात मुलीचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने नोंदवायचं असतं. हे सगळं तुमच्या एका तरी कार्यकर्त्याला तोंडपाठ असलं पाहिजे, कारण त्या क्षणी मुलीला काहीही आठवत नसतं.

आणखी एक निकाल आहे, तो मी तुमच्यासाठी मुद्दाम शोधून वाचला. 30 नोव्हेंबर 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, चित्रपटगृहं, शिक्षणसंस्था आणि प्रार्थनास्थळं यांच्या प्रमुखांनी आपल्या आवारात असा त्रास होऊ नये म्हणून पावलं उचलायची, आणि तक्रार आली तर ती जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायची. धावत्या बसमध्ये झालं तर चालक-वाहकाने बसच ठाण्यात न्यायची, असंही त्यात आहे. मंडप हा शब्द त्या निकालात नाही. पण दहा दिवस जिथे दोन वेळा आरती होते ते प्रार्थनास्थळ नाही, असं तुमच्यातलं कोण म्हणेल?

एकट्यादुकट्याने मध्ये पडावं असं मी सांगत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोलीत कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांनी मैत्रिणींना त्रास देणाऱ्यांना अडवलं. ती माणसं टोळी जमवून परत आली आणि दोघांना भोसकलं. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी. आजूबाजूला लोक होते, कुणी पुढे झालं नाही. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. ती दोन मुलं आठवली की मला आधी राग येतो तो बघत उभ्या राहिलेल्यांचा. पण खरं सांगायचं तर त्या लोकांना हाक मारून एकत्र करणारं तिथे कुणीच नव्हतं. तुमच्याकडे दोनशे कार्यकर्ते आहेत, एका रंगाचे सदरे आहेत, शिट्ट्या आहेत, दोर आहे, माईक आहे. एका हाकेवर कामाला लागणारी इतकी माणसं या शहरात आणखी कुणाकडेच नाहीत.

कैरोमध्ये तहरीर चौकातल्या गर्दीत बायकांवर टोळ्या तुटून पडायला लागल्या, तेव्हा 2012 च्या नोव्हेंबरात तिथल्या तरुण-तरुणींनी स्वतःची पथकं उभी केली. ओळखू येतील असे टी-शर्ट, मदतीचा फोन नंबर, गर्दीत घुसून बाईभोवती कडं करणारे वेगळे, तिला कपडे, पाणी आणि दवाखाना बघणारे वेगळे. त्यांना हे सगळं शून्यातून उभं करावं लागलं, तेही जिवावर उदार होऊन. तुम्ही तर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कडं करत आला आहात.

दोर धरणाऱ्यांची निवड मात्र नीट करा. आज काय होतं? आयत्या वेळी जो दिसेल त्याच्या हातात दोर जातो, बिल्ले मूठ भरून वाटले जातात. कुणाच्या हातात दोर आहे हे लिहून ठेवा, नाव आणि फोन नंबरासकट. त्या सगळ्यांना विसर्जनाआधी एक संध्याकाळ बसवा आणि त्यांच्याशी बोला. मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था 1993 पासून पुरुषांबरोबर आणि तरुण मुलांबरोबर नेमकं हेच काम करते आहे, मराठीत करते आहे. मुलगे ऐकतात, बोलतातही, हे मी पथकात स्वतः पाहिलं आहे. आमच्या पथकातली मुलं त्या प्रसंगानंतर तासभर गप्प होती, आणि मग एकेक जण सांगायला लागला की गर्दीत मित्र काय करतात हे त्याला ठाऊक होतं, तो फक्त मान फिरवायचा.

बायकांना कार्यकारिणीत घ्या, पण फक्त हळदीकुंकू आणि रांगोळीपुरतं नको. त्या रात्री मिरवणूक थांबवायचा अधिकार असलेली एक तरी बाई दोराच्या आत असू दे.

आणि मंडपाची मागची बाजू एकदा रात्री अकरा वाजता स्वतः चालून बघा. पुढे लाखाची रोषणाई, मागे जनरेटर, बांबूंचा ढीग, काळोख. स्वच्छतागृह त्या काळोखाच्या पलीकडे, तेही असलं तर. आमच्या मुली मिरवणुकीच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाहीत. सात-आठ तास ढोल वाजवायचा आणि पाणी प्यायचं नाही, कारण त्या गल्लीत जावं लागेल. चक्कर येऊन पडलेल्या मुलींना मी ग्लुकोज पाजलं आहे. लोक म्हणाले, नाजूक आहेत, झेपत नाही. त्यांना ढोल झेपत होता. गल्ली झेपत नव्हती. दोन दिवे मागच्या बाजूला लावले आणि बायकांच्या स्वच्छतागृहाशी एक बाई बसवली, तर त्या पाणी पितील. 2025 मध्ये शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं आहे, तेव्हा या दोन दिव्यांसाठी आणि एका स्वच्छतागृहासाठी तुम्ही हक्काने मागणी करू शकता.

‘रात्री दहानंतर महिलांनी येऊ नये’ असं मात्र कुणी सुचवलं तर कृपा करून मान्य करू नका. दर्शनाला वेगळी रांग असावी, ती सोयीची आहे. पण रस्त्याची वाटणी नको. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणायला बसतात. मी तीन वेळा गेले आहे. काळोखात घरून निघायचं, रस्ताभर नऊवाऱ्या, केसांतले गजरे, कुणी पिशवी छातीशी धरलेली नाही. समोरच भिडेवाड्याची जागा आहे. 1848 मध्ये तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण-चिखल फेकला, आणि त्या एक जादा लुगडं बरोबर नेत राहिल्या. सार्वजनिक गणेशोत्सव तेव्हा जवळपास अर्धशतक दूर होता. याच रस्त्यावरून अनंत चतुर्दशीला माझ्या मुली ढोल बांधून जातात, आणि त्यांच्यातली प्रत्येक जण निघण्याआधी आत एक जादा टी-शर्ट आणि घट्ट सायकलिंग पँट घालते. उकाड्यात, दोन-दोन थर. त्या वेळी मला ते जादा लुगडं आठवतं.

आमच्या पथकाने एक ठरवलं आहे, ते तुम्हाला आधीच कळवते. या वर्षीपासून सुपारी, म्हणजे मंडळापुढे वाजवायचं काम, घेताना आम्ही मानधनाच्या आधी तीन गोष्टी विचारू. दोर कुणाच्या हातात असेल त्यांची यादी. दोराच्या आत असणाऱ्या महिला कार्यकर्त्याचं नाव आणि नंबर. आणि गरज पडली तर माईक आम्हाला मिळेल, असा तुमचा शब्द. ज्या मंडळाला हे जमणार नाही त्याच्यापुढे आम्ही वाजवणार नाही, मग ते कितीही मोठं असो. काही सुपाऱ्या जातील, हे माहीत आहे. आमच्या मुलामुलींनी हात वर करून हे ठरवलं, एकाचाही हात खाली नव्हता.

वाद्यपूजनाला दरवर्षीप्रमाणे तुमच्यापैकी बरेच जण नदीपात्रात याल. येताना ती यादी बरोबर आणा. माझी मुलगी त्या दिवशी नाव नोंदवायला येणार आहे, आणि जिचा ढोल आम्ही दुसऱ्याला बांधला तिलाही मी पुन्हा एकदा बोलावणं पाठवते आहे.

आपली,
नारायण पेठेतली एक ताशावादक